गाडी झाकून ठेवू नका: जुन्या इटालियन बाईकबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या १९७७ च्या मोटो गुझी ले माँ ८५० बद्दल लिहिलं होतं. मी इथे इटलीत लेकोजवळ राहतो, रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात ते दिवस सोडले तर गाडी वर्षभर वापरतो, असं साधंच लिहिलेलं, पण त्यावर इतके प्रश्न आलेत की संपादकांनी या वेळचं सदर त्यालाच दिलंय. जे प्रश्न पुन्हापुन्हा आले ते एकत्र केलेत, बाकी जसे आले तसेच.

प्रश्न: दादा, मी पुण्यात बुलेट चालवतो. इटालियन बाईक म्हणजे दिसायला देखणी आणि रस्त्यात बंद पडणारी असं सगळे सांगतात, आणि तुम्ही तर रोज वापरतो म्हणता. मग खरं काय धरायचं?

उत्तर: लोक सांगतात त्यातलं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं कुठलं हे कळलं की बरीच डोकेदुखी वाचते. इंजिन, गिअरबॉक्स, फ्रेम आणि ब्रेक याबाबतीत सत्तरच्या दशकातल्या चांगल्या इटालियन गाड्या कुणाला ऐकणाऱ्या नव्हत्या. उलट फ्रेम आणि ब्रेकमध्ये त्या तेव्हाच्या जपानी गाड्यांच्या स्पष्ट पुढे होत्या. लिनो टोंटी या इंजिनीअरने १९७१ च्या व्ही७ स्पोर्टसाठी जी फ्रेम केली तीच पुढे ले माँला आली, जवळजवळ सगळ्या सरळ नळ्या, आणि खालच्या दोन नळ्या बोल्टवर आहेत, त्या काढल्या की फ्रेम इंजिनावरून वर उचलता येते. दुरुस्ती करणाऱ्याचा एवढा विचार करून केलेली गाडी आहे ही.

रडते ते वायरिंग. हँडलवरचे स्विच तकलादू, फ्यूज बॉक्समध्ये दोन्ही बाजूंनी टोकदार असलेले जुन्या पद्धतीचे फ्यूज, त्यांच्या टोकांवर हिरवा थर चढतो आणि मग हेडलाईट कधी लागतो कधी नाही, आणि अर्थिंगच्या वायरी जिथे फ्रेमला लावल्यात तिथे रंग आणि गंज. माझ्याकडे कुणी गाडी घेऊन आलं ना, की मी आधी मल्टीमीटर काढतो, कार्बला, म्हणजे कार्बोरेटरला, नंतर हात लावतो. एक रविवार घालवून सगळे जोड घासून साफ करा, अर्थिंगची एक जाड वायर बॅटरीपासून थेट इंजिनला टाका, सेल्फला आणि हेडलाईटला वेगळे रिले बसवा म्हणजे सगळा करंट त्या बिचाऱ्या चावीच्या स्विचमधून जात नाही. एवढं केलं की रस्त्यात बंद पडायची निम्मी कारणं गेली.

आणि उरलेली निम्मी कारणं गाडी उभी राहण्यातून येतात. हे मी सगळ्यांनाच सांगतोय. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कार्बमधलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर उरतो, बारीक जेट बुजतात, ऑइल सील सुकतात, टाकीला आतून गंज, ब्रेकचे पिस्टन कॅलिपरमध्ये अडकतात. मग मालक वर्षाने एकदा चालवायला काढतो, ती फुरफुरते, आणि नाव इटलीचं खराब होतं. पंधरा दिवसांत एकदा तरी तासभर चालवा. नुसती गॅरेजमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद करू नका, त्याने उलट पाणी धरतं, सायलेन्सरमध्ये पण आणि तेलात पण, आणि ते उडून जाण्याइतकं इंजिन तापतच नाही.

प्रश्न: साहेब, मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो. नातू सांगतो की डुकाटीच्या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नसते. आयुष्यभर डिझेल इंजिनची हेडं उघडली, मला काही हे पटत नाही. स्प्रिंगशिवाय व्हॉल्व्ह बसतो कसा? (नाशिक)

उत्तर: काका, नातू बरोबर सांगतोय आणि तुमची शंकाही रास्त आहे. तुम्हाला हेड माहितीच आहे म्हणून थेट सांगतो. नेहमीच्या इंजिनात कॅमचा उंचवटा रॉकर दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो, आणि उंचवटा पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्हला वर ओढून सीटवर बसवते. डुकाटीच्या पद्धतीला डेस्मो म्हणतात, त्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हला दोन रॉकर असतात. एक वरून दाबून उघडतो. दुसरा दोन बोटं पसरल्यासारखा असतो, तो व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या कॉलरखाली बसतो आणि त्याच्यासाठी कॅमवर वेगळा उंचवटा कोरलेला असतो, तो या रॉकरला वर उचलतो आणि व्हॉल्व्ह जबरदस्तीने बंद होतो. एक हलकी स्प्रिंग असते खरी, पण तिचं काम शेवटची केसभर फट मिटवून कॉम्प्रेशन धरण्यापुरतं, मुख्य बंद करणं कॅमच करतो.

आता एवढा खटाटोप का, तर पन्नासच्या दशकात स्प्रिंगचं पोलाद आजच्यासारखं नव्हतं. रेसिंगच्या इंजिनाला जास्त आरपीएमवर नेलं की स्प्रिंग मागे पडायची, व्हॉल्व्ह पूर्ण बसायच्या आत कॅम परत उघडायला यायचा, आणि वाईटात वाईट म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळायचा. कल्पना डुकाटीची नव्हे, मर्सिडीजने १९५४ च्या रेसिंग कारमध्ये ती वापरलेली होती. पण ती मोटारसायकलच्या छोट्याशा हेडात बसवून कायमची करून दाखवली ती फाबिओ टाल्योनी यांनी. ते १९५४ ला डुकाटीत आले, १९५६ ला त्यांची १२५ सीसीची डेस्मो गाडी स्वीडनमध्ये पहिल्याच रेसला उतरली आणि जिंकली. मग १९६८ पासून सामान्य माणसाला विकत घेता येईल अशी डेस्मो आली, आणि २३ एप्रिल १९७२ ला इमोलाच्या २०० मैलांच्या रेसमध्ये पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा, दोघंही टाल्योनींच्या ७५० डेस्मोवर. डुकाटीचं नाव जगभर झालं ते त्या दुपारी. पुढे १९७४ ला त्या रेसच्या गाडीसारखी ७५० सुपर स्पोर्ट काढली, ती फक्त ४०१ बनली, म्हणून आज कुणी तुम्हाला तशी गाडी दाखवली तर आधी कागद आणि नंबर बघा, नकला भरपूर आहेत.

तुमच्या हाताला जे आवडेल ते आता सांगतो. त्या जुन्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या डुकाटीत कॅमपर्यंत ताकद न्यायला ना चेन आहे ना बेल्ट, क्रँकपासून हेडपर्यंत उभा शाफ्ट आहे आणि त्याच्या खाली-वर बेव्हल गिअर. या गिअरची जाळी, म्हणजे दातांची एकमेकांतली पकड, बारीक शिम (पातळ चकत्या) घालून बसवावी लागते. जास्त घट्ट झाली तर गिअर किंचाळतात, ढिली झाली तर खडखडतात आणि टायमिंग हलतं. शिवाय डेस्मोचं टॅपेट जुळवणं, म्हणजे व्हॉल्व्हची फट मापात आणणं, यात एका व्हॉल्व्हला दोन गॅप, एक उघडायचा आणि एक बंद व्हायचा, ट्विनमध्ये चार व्हॉल्व्ह म्हणजे आठ गॅप, आणि तेही स्क्रू फिरवून नाही तर योग्य जाडीची टोपी आणि कॉलर शोधून. घाई असलेल्या माणसाने यात हात घालू नये. काका, तुमच्यासारख्या माणसाला मात्र हे इंजिन टेबलावर उघडून बघायला मिळायला हवं, मनापासून वाटतं. १९७९ नंतर पँटा मॉडेलपासून त्यांनी दातांचे रबरी बेल्ट आणले, त्याने खर्च खूप कमी झाला, फक्त ते बेल्ट दर दोन वर्षांनी बदलायचे, गाडी चालवलेली असो वा नसो, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकलेच.

प्रश्न: दादा, आम्ही म्युनिकला असतो. नवऱ्याने जुनी गुझी ले माँ घेतलीये आणि मलाही चालवायचीये, माझ्याकडे लायसन्स आहे, इतकी वर्षं जपानी ६०० चालवलीये. पण सिग्नलला उभी असताना जरा रेस दिली की गाडी उजवीकडे ढकलते, मला भीतीच वाटली. बिघडलीये का? आणि अजून काय सांभाळायचं?

उत्तर: ताई, गाडी अगदी ठणठणीत आहे. गुझीचा क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला आहे, तुमच्या जपानी गाडीत तो आडवा होता. रेस दिली की क्रँक आणि तो जड फ्लायव्हील एका दिशेला वेग घेतात आणि बाकी गाडी दुसऱ्या दिशेला झुकते, म्हणून ते उजवीकडे ढकलणं. चालत्या गाडीत ते जाणवत नाही. पार्किंगमध्ये हळू वळताना मात्र मूठ गचकन पिळू नका, बाकी काही नाही.

खरं सांभाळायचं ते वळणात. गुझीला चेन नाही, शाफ्ट आहे, त्यामुळे मूठ पिळली की मागची बाजू वर उठते आणि सोडली की खाली बसते. तुम्ही वळणात जोरात आत शिरलात आणि घाबरून मूठ एकदम सोडली तर मागची बाजू बसते, जमिनीपासूनची उंची कमी होते आणि गाडी ओळ सोडते. तर वेग जो काय कमी करायचाय तो वळणाच्या आधी, आणि आत शिरलं की मूठ हलकीशी उघडी धरून ठेवायची. हे एकदा अंगात बसलं की गुझी वळणात इतकी स्थिर चालते की बस. आणि हो, मूठ जड आहे, डेलॉर्टोच्या कार्बमध्ये स्प्रिंगा भलत्या कडक आहेत, लांबच्या प्रवासात मनगट भरून येतं. हलक्या स्प्रिंगा विकत मिळतात, त्या नक्की बसवून घ्या, यात ओरिजिनल ठेवायचा हट्ट नको.

ब्रेकची गंमत नवऱ्याने सांगितली नसेल तर मी सांगतो, कारण माहीत नसेल तर धोका आहे. पायाचा ब्रेक मागचा डिस्क आणि पुढचा डावा डिस्क असे दोन्ही एकदम लावतो. हाताच्या ब्रेकवर फक्त पुढचा उजवा डिस्क. तुम्हाला जपानी गाडीची सवय, म्हणजे हातावर सगळा भरवसा, आणि इथे नुसता हाताचा ब्रेक दाबला तर गाडी अपुरी थांबेल. इथे पायाने थांबवायची, हाताने जोड द्यायची. रिकाम्या रस्त्यावर आधी हे घोटवा. गिअर सावकाश टाका, घाई केली की तो खटकतो, सावकाश आणि पूर्ण दाबला की मऊ बसतो. साइड स्टँड जपून, बऱ्याच जुन्या गुझींचा स्टँड वजन हललं की आपोआप मागे उडतो आणि गाडी आडवी होते, थोड्या उतारावर लावताना मेन स्टँडच वापरा. एवढं सांगितलं म्हणून घाबरू नका, तुमच्यासारख्या सरावलेल्या हाताला आठवड्यात सगळं जमेल.

प्रश्न: एवढ्या पैशात नवीन, एबीएसवाली, दुप्पट ताकदीची बाईक येते. मग या जुन्या गाडीत आनंद नक्की कशाचा? खरंच विचारतोय. (ठाणे)

उत्तर: खरंच विचारताय म्हणून खरंच सांगतो. ले माँला कारखान्याने ७१ हॉर्सपॉवर सांगितली होती, आज त्यात काही विशेष नाही. पण ८४४ सीसीचे दोन मोठे पिस्टन, ९० अंशाचा व्ही, आणि ३६ मिलिमीटरच्या दोन कार्बना एअर फिल्टरच नाही, नुसते उघडे भोंगे आणि त्यांच्यावर जाळी. तुमच्या गुडघ्यांच्या अगदी जवळ. मूठ उघडली की सायलेन्सरच्या आधी ऐकू येतं ते हवा आत ओढल्याचं, खोल घशातलं, आणि ते प्रत्येक मूठीला वेगळं येतं.

इथून जवळ स्प्लुगाचा घाट आहे, किआवेन्ना गाव सोडलं की स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत चढणारा, काही वळणं तर बोगद्याच्या आत. तिथे खाली तीन हजार आरपीएमला गाडी थोडी अनमान करते, थरथरते, चारच्या पुढे गेली की थरथर विरघळते आणि पाचच्या पुढे ती अशी निघते की एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत एकच गिअर पुरतो, तिसरा, आणि तुम्ही फक्त मूठ आणि शरीर यावर गाडी चालवत असता. बोगद्यात आवाज दोन्ही भिंतींवरून परत येतो. वर पोचल्यावर बंद केली की हेडच्या पात्यांमधून टिक टिक आवाज येत राहतो, ॲल्युमिनियम थंड होताना. नव्या गाडीवर मी तोच घाट जास्त वेगात चढतो आणि वर पोचल्यावर मला त्यातलं फारसं काही आठवत नाही.

दुसरं असं की ही गाडी काय करतेय ते दिसतं. दोन्ही हेड बाहेर आलेली, हात लावता येतो, एक सिलिंडर थंड वाटला तर प्लग गेलाय हे बोटाला कळतं. गाडीशी ओळख व्हायला कॉम्प्युटर लागत नाही. मला वाटतं ज्यांनी लहानपणी वडिलांना रविवारी अंगणात स्कूटर उघडून बसलेलं पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. आणि बजाजच्या स्कूटरला जे स्पाकोचं कार्ब असायचं ना, ते डेलॉर्टोच्याच लायसन्सवर बनलेलं, म्हणजे माझ्या ले माँच्या कार्बचं चुलत भावंडच.

प्रश्न: पात्रांव, आम्ही मूळचे मडगावचे, आता इंग्लंडात स्विंडनला असतो. जुनी इटालियन घ्यायचीये, बजेट बेताचं आहे. डुकाटी, गुझी, लावेर्डा की एमव्ही? आणि बघायला गेल्यावर काय तपासू?

उत्तर: बजेट बेताचं असेल तर एमव्ही अगुस्ता विसरा, चार सिलिंडरची ७५० एस फार सुंदर गाडी आहे, पण ती थोडी बनली आणि तिचे पार्ट सोन्याच्या भावाने मिळतात. लावेर्डा जोटाचा आवाज ऐकलात तर तुम्ही तिथेच पैसे काढाल, तीन सिलिंडर, बाहेरचे दोन पिस्टन एकत्र वर आणि मधला तेव्हा खाली, त्यामुळे चारमधला एक ठोका गाळल्यासारखी धाव ऐकू येते. १९७६ मध्ये तिच्याइतकी वेगवान गाडी दुकानात मिळत नव्हती, आणि ती जन्मली पण तुमच्या इंग्लंडच्या डीलरच्या आग्रहामुळे, म्हणून तिकडे तिचे जाणकार अजून सापडतात. पण क्लच जड, गाडी उंच, शहरात रोज चालवायची नाही. बेव्हलवाली डुकाटी घेतलीत तर चांगला मेकॅनिक आधी शोधा आणि मग गाडी. माझं प्रामाणिक मत, पहिली इटालियन गाडी गुझीच घ्या. ले माँ महाग वाटली तर त्याच काळाची ८५० टी३ घ्या, फ्रेम तीच, इंजिन तेच थोडं शांत, आणि पार्ट आजही जर्मनीपासून इंग्लंडपर्यंत सगळीकडे मिळतात. किंवा नव्वदीतली डुकाटी ९०० एसएस, बेल्टवाली, ९०४ सीसी, ती अजून आवाक्यात आहे आणि तिचा कोरडा क्लच खुळखुळतो ते बिघाड नसतो.

गुझी तपासायला गेलात की सगळ्यात आधी मालकाला विचारा सिलिंडर कुठले आहेत. सत्तरच्या दशकातल्या गुझीच्या सिलिंडरला आतून क्रोमचा थर असायचा. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की ओल धरून तो थर सुटतो, त्याचे कण तेलात उतरतात आणि मग बेअरिंग खाऊन टाकतात. हा खर्च गाडीच्या किमतीच्या तोडीचा होऊ शकतो. जाणता मालक सांगेल की मी निकासिलचे (आतून निकेलचा कडक थर असलेले) सिलिंडर-पिस्टन टाकलेत, बिल दाखवेल, बहुतेक गिलार्डोनीचं असेल, तो कारखाना पण गुझीच्याच गावातला, मांडेल्लोचा. बिल नसेल तर प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून बघा, हल्ली फोनला लागणारे मिळतात. त्यानंतर तेल शेवटचं कधी बदललं विचारा आणि ऑइल फिल्टर कधी बदलला हे वेगळं विचारा, कारण फिल्टर इंजिनाखालच्या सम्पच्या, म्हणजे तेलाच्या तळवाटीच्या, आत आहे, पूर्ण सम्प उतरवल्याशिवाय तो निघत नाही, आणि आळशी मालक नुसतं तेल बदलतो. शेवटी मागचं चाक उचलून शाफ्टमधली ढिलाई बघा, हाताने पुढे-मागे फिरवून टकटक जास्त आली तर युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. चालवताना ते खालून घरघरतं. रंग उडालेला चालेल, सीट फाटलेली चालेल. थंड इंजिनवरच गाडी सुरू करून दाखवा म्हणावं, आधीच गरम करून ठेवली असेल तर परत कधीतरी जा.

प्रश्न: पियाजोचा कारखाना बारामतीला आहे आणि गुझी पण पियाजोचीच, मग जुन्या गुझीचे पार्ट तिकडून मिळतील का? आणि परदेशातून अशी जुनी गाडी कोल्हापूरला आणता येईल का?

उत्तर: गुझी २००४ पासून पियाजोकडे आहे हे खरं, पण बारामतीत जुन्या गुझीचं काही बनत नाही, पार्ट युरोपातूनच मागवावे लागतात आणि त्यावर ड्युटी. गाडी आणायचं म्हणाल तर वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी आणता येत नाही हा आपल्याकडचा नेहमीचा नियम. विंटेज गाड्यांना वेगळी वाट आहे आणि तिचे नियम बदलत असतात, म्हणून एजंट काय बोलतो त्यावर न जाता परकीय व्यापार महासंचालनालयाची चालू अधिसूचना स्वतः वाचा आणि मगच पैसे पाठवा. गाडी देशात आली तरी २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी ती पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरमध्ये व्हीए येतं. आणि मोठी अट म्हणजे अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही, प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. मला विचाराल तर ज्याला चालवायचीये त्याने या भानगडीत पडू नये. युरोपात महिनाभर येऊन भाड्याने चालवा, मन भरेल.

एक मात्र नक्की, ज्यांच्याकडे आधीपासून भारतात जुनी इटालियन काही असेल, अगदी लँब्रेटा असली तरी, त्यांनी इथेनॉलवाल्या पेट्रोलकडे लक्ष द्या. ई२० मधला इथेनॉल हवेतली ओल ओढतो, जुनं रबर फुगवतो, लोखंडी टाकीला आतून गंज आणतो. पाइप आणि कार्बचे रबरी सील नवीन, इथेनॉल चालणारे टाका, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बच्या वाट्या रिकाम्या करून ठेवा. टाकी फायबरची असेल, जशी काही जुन्या डुकाट्यांची आहे, तर तिच्यात असं पेट्रोल मुळीच घालू नका, फायबर मऊ पडतं आणि टाकी फुगते. आतून योग्य लेप दिल्याशिवाय नाही.

प्रश्न: सप्टेंबरात इटलीत येतोय, मित्र नाही, गाडी नाही, दोन-तीन दिवस मोकळे. जुन्या बाईकसाठी कुठे जाऊ?

उत्तर: मिलानहून लेकोच्या पुढे जाणारी लोकल धरा आणि मांडेल्लो देल लारिओला उतरा. गुझीचा कारखाना स्टेशनाला लागूनच आहे, १९२१ पासून तिथेच. त्यांच्या म्युझियममध्ये १९५५ ची आठ सिलिंडरची ५०० सीसी रेसर आहे, आठ पिस्टन आणि आठ कार्ब, ती बघितल्याशिवाय परत जाऊ नका. तिथे बांधकाम चालू असतं आणि वेळा कमीजास्त होतात, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा. सप्टेंबरात गावात गुझीवाल्यांचा मोठा मेळा भरतो, त्या दिवसांत आलात तर म्युझियमची गरजच नाही, सगळं रस्त्यावर उभं असतं. मग बोलोन्याला जा, बोर्गो पानिगालेत डुकाटीचं म्युझियम. आणि जमलं तर इमोला, सप्टेंबरात तिथल्या रेस ट्रॅकवरच जुन्या गाड्या आणि पार्टचा बाजार भरतो, तिथे पाय दुखेपर्यंत फिरा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, माझ्याकडे ले माँ आहे. इथला मेकॅनिक टॅपेटचे भरमसाट पैसे घेतो. हे घरी जमेल का? मी सॉफ्टवेअरचा माणूस, हाताला फारशी सवय नाही.

उत्तर: नक्की जमेल, आणि ले माँवर हे काम शिकण्यासारखं दुसरं काही नाही, कारण हेड बाहेर आहेत, टाकीसुद्धा काढावी लागत नाही. इंजिन रात्रभर थंड असलं पाहिजे, कोमट पण नको. मेन स्टँडवर लावा, दोन्ही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल, पाचवा गिअर टाका, आता मागचं चाक हाताने फिरवलं की इंजिन फिरतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे उजव्या बाजूला एक रबरी बूच आहे, ते काढलं की आत फ्लायव्हील दिसतो. टॉर्च मारा. त्यावर रेघा आहेत, डी म्हणजे उजवा सिलिंडर, एस म्हणजे डावा.

उजवं रॉकर कव्हर उघडा, खाली थोडं तेल सांडेल, कापड ठेवा. चाक सावकाश फिरवत डीची रेघ भोकाच्या मध्ये आणा. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा, दोन्ही किंचित खेळत असले पाहिजेत. एक जरी आवळलेला असेल तर तुम्ही चुकीच्या फेरीवर आहात, इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवा. मग ०.२२ मिलिमीटरचं फिलर गेज आत घाला, इनलेटला पण आणि एक्झॉस्टला पण तेच माप. पाती सरकली पाहिजे पण तिला हलकी ओढ जाणवली पाहिजे, लोण्यात सुरी जाते तशी नाही सरकली पाहिजे. लॉकनट सैल करून स्क्रूने माप जमवा, स्क्रू धरून ठेवून नट आवळा, आणि आवळल्यावर परत गेज घालून बघा, कारण आवळताना माप हमखास बदलतं. नव्या माणसाचं इथेच दोन-तीनदा होतं, होऊ द्या. डावीकडे तेच, एसच्या रेघेवर.

कव्हर लावताना बोल्ट आलटूनपालटून, बेताने आवळा, ॲल्युमिनियमचे आटे आहेत, जोर लावला की गेले आणि मग खरंच मेकॅनिककडे जावं लागेल. कव्हरची गास्केट जुनी कडक झाली असेल तर नवीन टाका, स्वस्त असते. आणि हे सगळं झाल्यावरच कार्ब जुळवायला घ्या, टॅपेट चुकीचे असताना कार्ब कितीही जुळवले तरी जुळत नाहीत. गाडी तापवा, दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम गेज लावा, आधी स्लो स्पीडला दोन्ही काटे सारखे, मग केबल थोडी ओढून दोन हजारच्या आसपास सारखे. सुरू करताना एक लक्षात ठेवा, या कार्बला पंप आहे, मूठ पिळली की प्रत्येक वेळी पेट्रोलची पिचकारी आत जाते, म्हणून थंडीत चोक ओढून मूठ एकदा-दोनदाच पिळा आणि मग सेल्फ मारा. चार-पाच वेळा पिळलीत तर प्लग ओले होतील आणि ते काढून पुसत बसावं लागेल. पहिल्या वेळी पूर्ण सकाळ हातात ठेवा.